'आत्मसंतुष्ट' : एका प्रतिशब्दाचा फेरविचार

परभाषेतील शब्दाला कोशात प्रतिशब्द सापडला की अनुवादकाचे काम संपले, असा आपला समज असतो. अध्यापकाचा तर तो अधिकच दृढ असतो. कारण त्याच्या हाती आदर्श उत्तरपत्रिका असते. हा समज किती फसवा असू शकतो याचा एक अनुभव प्रस्तुत लेखकाला आपल्याच वर्गात आला. त्या अनुभवातून सुचलेले काही विचार येथे मांडावयाचे आहेत.

पदव्युत्तर वर्गाच्या अंतर्गत परीक्षेत अनुवादासाठी दोन इंग्रजी वाक्ये दिली होती. पहिल्या वाक्यात परीक्षेत पहिला आलेला मुलगा मागच्या बाकावरील मुलांकडे पाहून एक विशिष्ट हसू हसतो. त्या हसण्याला 'स्मग' हे विशेषण होते. दुसऱ्या वाक्यात लागोपाठ दोन वर्षे चांगला पाऊस झालेल्या एका गावाचे वर्णन होते आणि त्या गावाला 'कम्प्लेसन्ट' म्हटले होते. मी तयार केलेल्या आदर्श उत्तरात दोन्ही ठिकाणी 'आत्मसंतुष्ट' हाच शब्द होता. बहुतेक विद्यार्थ्यांनी तोच लिहिला आणि पूर्ण गुण मिळविले. लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या विद्यार्थिनीने मात्र पहिल्या ठिकाणी 'शिष्ट' आणि दुसऱ्या ठिकाणी 'गाफील' असे लिहिले होते. पहिला शब्द अर्थाने चुकीचा आणि दुसरा 'उर्दू' म्हणून मी दोन्हींचे गुण कापले. उत्तरपत्रिका परत करताना तिने विचारले, "सर, गाव स्वतःवर खूश झालं म्हणून बिघडलं, का पुढचं बघितलं नाही म्हणून?" त्या वेळी मी काहीतरी उत्तर देऊन पुढे गेलो. प्रश्न मात्र मागे राहिला.

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम इंग्रजी शब्दांकडे वळले पाहिजे. 'स्मग' हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात दिसू लागतो. त्याचे मूळ बहुधा सखल जर्मन बोलीतील 'स्मुक' या शब्दात असून त्याचा अर्थ सुबक, नीटनेटका असा आहे. आजच्या जर्मन भाषेत दागिन्याला 'श्मुक' म्हणतात, ते याच कुळातले. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकात शायलॉक अँटोनिओच्या पूर्वीच्या रुबाबाविषयी बोलताना हाच शब्द वापरतो. तेथे अभिप्रेत आहे तो बाजारपेठेत नटूनथटून, टापटिपीने येणारा व्यापारी. नीटनेटकेपणातून स्वतःच्या नीटनेटकेपणावर खूश असणे आणि त्यातून इतरांना कमी लेखणारे समाधान असा या शब्दाचा प्रवास झाला. 'कम्प्लेसन्ट'चा प्रवासही असाच उताराचा आहे. 'आवडणे', 'संतोष देणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला आणि आरंभी त्याचा अर्थ 'सुखद', 'प्रसन्न करणारा' असा होता. दुसऱ्याला प्रसन्न करणारा शब्द पुढे स्वतःवरच प्रसन्न असलेल्याला लागू झाला; आणि जो स्वतःवर प्रसन्न तो संकटाकडे डोळेझाक करणारा, अशी आणखी एक छटा त्याला चिकटली.

भाषाविज्ञानात ज्याला अर्थापकर्ष म्हणतात त्याची ही दोन ठळक उदाहरणे आहेत. मात्र दोन्ही शब्द खाली उतरले तरी एकाच ठिकाणी उतरले नाहीत. 'स्मग' चेहऱ्यावर दिसतो, हसण्यात आणि आवाजात दिसतो. त्याला पाहणारा आणि त्यामुळे दुखावला जाणारा दुसरा कोणीतरी लागतो. 'कम्प्लेसन्ट' माणूस कदाचित अत्यंत सौम्य असेल, त्याने कोणाला दुखावलेही नसेल. त्याचा दोष असा की तो जागा नाही. पहिला दोष सामाजिक व्यवहारातला, दुसरा जबाबदारीच्या क्षेत्रातला. 'आत्मसंतुष्ट' या एकाच शब्दाच्या पोटात आपण या दोहोंना कोंबले आहे.

आता खुद्द 'आत्मसंतुष्ट' या शब्दाकडे पाहू. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची जी व्याख्या येते तिच्या केंद्रस्थानी स्वतःच्या ठायी, स्वतःमुळेच संतुष्ट असणे हे लक्षण आहे. तिसऱ्या अध्यायात आत्म्यातच संतुष्ट असणाऱ्याला कोणतेही कर्तव्य उरत नाही असे सांगितले आहे, तर बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत संतुष्टता मोडते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात धर्माची मुळे सांगताना वेद, स्मृती आणि सज्जनांचा आचार यांच्या जोडीला आत्मतुष्टी बसविली आहे. म्हणजे ज्या घटकांपासून आपण आजचा निंदाव्यंजक शब्द बनविला, ते घटक परंपरेत सर्वोच्च स्तुतीचे आहेत. संतवाङ्मयाने 'समाधान' या शब्दाला जे स्थान दिले तेही याच दिशेचे. अजूनही मराठी घरात वडीलधारा माणूस 'मी समाधानी आहे' असे म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला बरेच वाटते.

परिणामी 'आत्मसंतुष्ट' या शब्दाचा दंश बोथट राहतो. समीक्षेच्या परिभाषेत तो निंदा करतो. पण तो उच्चारताच मागून एक प्रसन्न सूर ऐकू येत राहतो. इंग्रजी शब्दाच्या निंदेचे ओझे आपण त्याच्यावर लादले खरे, पण ते पेलण्याचे बळ त्याला मराठीच्या बोलव्यवहारातून मिळाले नाही. कोणीही मराठी माणूस भांडणात दुसऱ्याला 'आत्मसंतुष्ट' म्हणत नाही. जो शब्द भांडणात उपयोगी पडत नाही त्याच्या निंदाशक्तीविषयी शंका घ्यावी, असे मला वाटते.

भांडणात आपण काय म्हणतो? 'फार शिष्ट आहे तो!' हा शब्द मी चुकीचा ठरविला होता. म्हणून त्याची चौकशी करणे मला भाग आहे. 'शिष्ट' म्हणजे शिकविलेला, शिस्त लागलेला, सुसंस्कृत. पतंजलीने महाभाष्यात भाषेचे प्रमाण ठरविताना शिष्टांकडे बोट दाखविले आणि ते कोण हेही सांगितले. आर्यावर्तात राहणारे, घरात केवळ एक मडकेभर धान्य बाळगणारे, निर्लोभ आणि कोणत्याही हेतूविना विद्येत पारंगत झालेले ब्राह्मण, असे त्यांचे वर्णन तो करतो. आज 'शिष्टाचार', 'शिष्टसंमत', 'शिष्टमंडळ' या जोडशब्दांत जुना मान टिकून आहे. पण सुटा 'शिष्ट' बोलण्यात आला की तो ओळख असूनही न बोलणारा, चारचौघांत न मिसळणारा, आपल्याच नीटनेटकेपणावर खूश असणारा माणूस दाखवितो. जर्मन बोलीतला 'सुबक' इंग्लंडात ज्या मार्गाने 'स्मग' झाला, त्याच मार्गाने संस्कृतातला 'सुसंस्कृत' महाराष्ट्रात 'शिष्ट' झाला. संस्कृती ज्याच्यापाशी आहे तो तिचा तोरा मिरवू लागला की ज्यांच्यापाशी ती नाही असे समजले जाते, ते लोक त्या शब्दाचा अर्थच बदलून टाकतात. अर्थापकर्षाची ही क्रिया म्हणजे खालच्या बाकावरून नोंदविलेला अभिप्रायच होय. पहिल्या वाक्यातील मुलाच्या हसण्याला मागच्या बाकावरील मुलांनी कोणता शब्द वापरला असता, हे माझ्या विद्यार्थिनीला माझ्यापेक्षा नेमके कळले होते. 'शिष्ट'मध्ये तुटकपणाची छटा अधिक आहे आणि विजयाच्या हसण्याला तो सर्वस्वी पुरत नाही, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की तिचा शब्द जिवंत होता आणि माझा कोशातला होता.

दुसरा शब्द 'गाफील'. हा मूळचा अरबी. 'गफलत'ही त्याच धातूपासूनची. सूफी परंपरेत गफलत हा केवळ व्यवहारातील निष्काळजीपणा नाही. जे ध्यानात ठेवावयाचे ते विसरणे असा आध्यात्मिक दोष म्हणून तिचा उल्लेख होतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि पुढे उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. साहजिकच येथील मराठीत फार्सी-अरबी शब्द नुसते राहिले नाहीत, तर त्यांनी मराठी वळण घेतले. 'मिजाज' हा मूळचा प्रकृतिवाचक शब्द. उर्दूत तो आस्थेने विचारपूस करण्यासाठी वापरतात. मराठीत त्याची 'मिजास' झाली आणि ती उतरविण्याची भाषा सुरू झाली. 'खुशहाल'चा 'खुशाल' झाला आणि त्यातून 'खुशालचेंडू' हा अस्सल मराठी समास जन्मला. जबाबदारी न घेता स्वतःच्या सुखात उड्या मारणाऱ्या माणसासाठी याहून बोलका शब्द इंग्रजीतही सहज सापडणार नाही.

येथे भाषाशुद्धीचा आक्षेप येऊ शकतो. त्याची परंपरा मोठी आहे. शिवकाळात रघुनाथपंतांनी केलेल्या राज्यव्यवहारकोशापर्यंत ती मागे नेता येते. परंतु या बाबतीत माधव ज्यूलियन यांचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कार करणाऱ्या या कवी-पंडितानेच १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला होता. काय टाकावयाचे हे ठरविण्यापूर्वी काय आहे ते मोजले पाहिजे, इतका धडा तरी त्यातून घेता येतो. मी 'गाफील'चे गुण कापले ते तो न मोजता.

ही केवळ शब्दांची चर्चा वाटू नये म्हणून आपल्याच भागातील दोन घटनांकडे लक्ष वेधतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली गाडली गेली. दख्खनचे पठार स्थिर आहे असा समज होता. देशाच्या तत्कालीन भूकंपप्रवणता नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविला होता. १९९२ च्या अखेरीस या परिसराला धक्के बसले होते. नकाशातील पट्टे बदलले ते २००२ मध्ये. आता या प्रसंगाचे वर्णन कोणत्या शब्दाने करावे? माळवदाखाली झोपलेला शेतकरी आत्मसंतुष्ट होता असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. त्याला 'गाफील' म्हणणेही अन्यायाचे. कारण त्याला जाणून घेण्याचे साधनच नव्हते. तो 'बेसावध' होता. स्थिरतेच्या समजावर विसंबून राहिलेले शास्त्र आणि प्रशासन यांना मात्र 'गाफील' म्हणता येते. कारण पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते.

दुसरी घटना २०१६ ची. मांजरा धरण कोरडे पडले, लातूर शहरात पाणी वाटपाच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश काढावा लागला आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. मांजरेच्या खोऱ्यात ऊस वाढला होता, कारखाने वाढले होते आणि त्याबरोबर समृद्धीचा अभिमानही वाढला होता. पाऊस कमी पडतो हे येथे कोणालाही नवीन नव्हते. म्हणून या प्रसंगी 'बेसावध' हा शब्द फार सौम्य पडतो. येथे 'गाफील' लागू होतो आणि ज्यांना सारे ठाऊक असूनही आपल्या यशाच्या आनंदात प्रश्न विचारावासा वाटला नाही, त्यांना 'आत्मसंतुष्ट'ही लागू होतो. विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. स्वतःवर खूश होणे आणि पुढचे न पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी त्या एकत्र येतात, कधी येत नाहीत. ज्या भाषेत हा भेद करणारे शब्द आहेत तिच्यात दोष कोणाचा हे नेमके सांगता येते. सर्वांना एकच तत्सम विशेषण लावले की दोषही सर्वांत सारखा वाटला जातो. म्हणजे तो कोणाचाच राहत नाही.

अशी एक श्रेणी मला सुचवावीशी वाटते. माहिती नसल्याने जो सावध नाही तो बेसावध. माहिती मिळविणे ज्याचे काम असूनही जो झोपला तो गाफील. माहिती असूनही जो स्वतःच्या यशात रमला तो आत्मसंतुष्ट. आणि ते यश ज्याने दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपेल असे मिरविले तो, प्रसंगानुसार, शिष्ट, मिजासखोर किंवा टेंभा मिरविणारा. ही श्रेणी अंतिम आहे असा दावा नाही. वाचक-अध्यापकांनी आपापल्या भागातील शब्द तिच्यात घालून ती तपासावी.

या चर्चेला एक उलट बाजूही आहे. 'आत्मसंतुष्ट' हा शब्द वरून खाली आला, तर 'अस्मिता' हा शब्द खालून वर गेला. योगसूत्रांत जे पाच क्लेश सांगितले आहेत त्यांत अविद्येनंतर लगेच अस्मिता येते. म्हणजे ती दूर करावयाची गोष्ट आहे. आधुनिक मराठीत ती जपावयाची गोष्ट झाली. या अर्थोत्कर्षामागे खरा इतिहास आहे. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालविलेल्या 'अस्मितादर्श'ने तो शब्द ज्यांच्या हाती दिला, त्यांना शतकानुशतके स्वतःवर प्रसन्न होण्याचा अधिकारच नाकारलेला होता. त्यांच्या स्वाभिमानाला 'आत्मप्रौढी' म्हणणारे समीक्षकही होते. म्हणून निंदेचा शब्द वापरताना तो कोण कोणाला उद्देशून वापरतो हे पाहिले पाहिजे. ज्याचे काही गमावण्यासारखे नाही अशा सुरक्षित माणसाचे स्वतःवरील समाधान आणि ज्याने नुकतेच मान वर करून चालायला सुरुवात केली त्याचे समाधान, यांना एका शब्दात बांधणे हाही एक शिष्टपणाच होय.

पण अस्मितेचेही वय होते. ती स्थिरावली, तिला व्यासपीठे मिळाली, की तिच्या आडून आत्मसंतुष्टता आत येऊ शकते. मराठवाड्याचे उदाहरण घेऊ. मागासलेपणाच्या जाणिवेतून, म्हणजे असमाधानातून, लातूरच्या महाविद्यालयांनी अध्यापनाची जी कष्टाची पद्धत घडविली तिला 'लातूर पॅटर्न' हे नाव मिळाले आणि तिने या भागातील मुलांसाठी वैद्यकीय-अभियांत्रिकीची दारे उघडली. हे यश खरे आहे. प्रश्न एवढाच की पद्धतीचे नाव झाले, नावाचा फलक झाला, त्यानंतर ते मूळ असमाधान कोठे गेले? भाषा आणि साहित्य यांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला त्या फलकाखाली किती जागा आहे?

आणि आम्ही मराठीचे अध्यापक? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. आनंद होणे स्वाभाविक होते; प्रस्तुत लेखकालाही तो झाला. त्यानंतर ज्या सभा झाल्या त्यांत मराठवाडा ही मराठीची जन्मभूमी असल्याचे आपण मोठ्या उत्साहाने सांगितले. मुकुंदराज आद्यकवी, 'विवेकसिंधु' शके १११० चा, अंबाजोगाई त्याची भूमी, असे आपण वर्गातही सांगतो. मुकुंदराजांची भूमी अंबाजोगाई की विदर्भातील अंभोरा, ग्रंथाचा काळ खरोखर कोणता, हे प्रश्न अभ्यासकांत वादाचे आहेत, हे मात्र आपण किती वेळा सांगतो? विद्यार्थ्याला वादाऐवजी निकाल देणे हे अध्यापकीय गफलतीचे सर्वांत सभ्य रूप आहे.

नांदेडच्या भूमीत याविरुद्धचा आदर्श शोधावयास दूर जावे लागत नाही. नरहर कुरुंदकर यांनी रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'साठी जे दीर्घ लेखन केले, ते गौरवाची प्रस्तावना म्हणून सहज निभावून नेता आले असते. त्यांनी तेथे पुरावे, शंका आणि ऐतिहासिक पेच मांडले. शिवचरित्राविषयी नितांत आदर असणे आणि त्या आदरावर संतुष्ट न राहणे, या दोन गोष्टी एकाच लेखनात नांदू शकतात हे त्यांनी दाखविले. संशोधनपत्रिकेच्या लेखकांनी आणि वाचकांनी त्यापेक्षा वेगळे काय शिकावयाचे?

'स्मग' हाच शब्द मराठीत घ्यावा, असेही कोणी सुचवील. शहरी तरुणांच्या बोलण्यात तो येतोही. मराठीने आजवर इतके शब्द घेतले, त्यांत आणखी एक घेतल्याने ती बाटणार नाही. माझा विरोध शब्द घेण्याला नाही. घरात काय आहे ते न पाहता घेण्याला आहे. गाफील, गफलत, मिजास, गुर्मी, खुशालचेंडू, शिष्ट, हुरळणे, शेफारणे, स्वतःची पाठ स्वतःच थोपटणे, हरभऱ्याच्या झाडावर चढणे, अशी ही संपत्ती नांदेड-लातूरच्या कोणत्याही बाजारात ऐकू येते. आमच्या विद्यापीठ क्षेत्रातील महाविद्यालयांनी अनुवादाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून अशा शब्दांची वाक्यांसह नोंद करून घेतली, तरी काही वर्षांत एक उपयुक्त प्रादेशिक अर्थकोश उभा राहील. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याची गरज नाही. वह्या आणि कान पुरेसे आहेत.

राहिला प्रश्न त्या उत्तरपत्रिकेचा. गुणांची यादी केव्हाच पुढे गेली होती; ती बदलणे नियमात बसणारे नव्हते. पुढील वर्षीच्या वर्गात मी तीच दोन वाक्ये फळ्यावर लिहिली, आदर्श उत्तर बाजूला ठेवले आणि त्या विद्यार्थिनीचे दोन्ही शब्द, ते कोणाकडून आले हे न सांगता, चर्चेला दिले. तास संपला तरी चर्चा संपली नव्हती. 'आत्मसंतुष्ट' या शब्दाचा नेमका अर्थ त्या दिवशी मला कळला, आणि त्याचे उदाहरण शोधण्यासाठी मला वर्गाबाहेर जावे लागले नाही.